सुलक्षणाचा राहिलेला पेपर

सुलक्षणा गेल्याचं कळलं तेव्हा मी कांदा चाळीत भरत होतो. रविवार होता. आभाळ सकाळपासून धरून होतं आणि वळीव यायच्या आत रानातले ढीग उचलायचे होते. सदरा काढून चाळीच्या खांबाला अडकवला होता. मोबाईल त्याच्या खिशात वाजत होता. डोक्यावर पाटी होती म्हणून मी वाजू दिला. थांबला आणि परत वाजायला लागला.

माझी आई, झुंबरबाई, सावलीला बसून कांदा निवडत होती. ती म्हणाली, "आरं उचल की. तीच आसंल. यष्टी चुकली आसंल."

पाटी रिकामी करून मी मोबाईल घेतला. नाव सुलक्षणाचंच होतं. आवाज तिचा नव्हता.

"तुम्ही मालक का?"

"कुणाचं मालक?"

"या मोबाईलमध्ये मालक म्हणून नंबर आहे. मी शिरूरवरून अनुपमा मॅडम बोलतेय, सुलक्षणाताईंच्या वर्गाची. जेवणाच्या सुट्टीत त्या व्हरांड्यात पडल्या. आम्ही त्यांना दवाखान्यात आणलंय. तुम्ही लगेच निघा."

"पडली म्हंजी? पाय मुरगळला का?"

"तुम्ही या," त्या म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "एकटे येऊ नका."

त्यावरून मला कळायला हवं होतं. मला कळलं नाही, आईला कळलं. तिनं हातातला कांदा खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला.

शेजारचा हौसराव गाडीवर मागं बसला. पारगावच्या पुलावर तो म्हणाला, "मल्हारी, गाडी मी घिऊ का?" मी म्हणालो, नको. न्हावऱ्याच्या पुढं वळीव आला. डोळ्यांत पाणी जात होतं, मी पुसत चाललो होतो. हातांचा कांद्याचा वास पावसानंही गेला नाही.

डॉक्टर म्हणाले, डोक्यातली शीर फुटली. इथं आणलं तेव्हाच काही नव्हतं. मॅडमनी तिची पिशवी माझ्या हातात दिली. चष्मा, पुस्तक आणि डबा. डब्यात अर्धी भाकरी आणि थोडी मेथी राहिलेली होती. अर्धी भाकरी ती नेहमी एसटीत खायला ठेवायची. मी तिचे पाय बघितले. आदल्या दिवशीपर्यंत ती कांदा काढत होती, टाचांच्या भेगांत आमच्याच रानाची माती होती. सकाळी वर्गाला जाताना तिनं टाचा दगडानं घासल्या होत्या. तरी राहिली होती.

सुलक्षणा बारावी होऊन खुटबावात लग्न करून आली. आमचा सूरज शाळेत जायला लागल्यावर तिनं बाहेरून बी. ए. केलं. मग विद्यापीठात एम. ए.ला नाव घातलं, इंग्रजी घेऊन. वर्ग रविवारी शिरूरला भरायचे. मी तिला चौफुल्यापर्यंत गाडीवर सोडायचो, पुढं ती एसटीनं जायची. परीक्षेला मात्र मी शिरूरपर्यंत जायचो आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर चिंचेखाली बसायचो.

लोक विचारायचे, इंग्रजीच का? मास्तरीण व्हायचंय का? एकदा हौसरावनं माझ्यासमोरच विचारलं, "वयनी, त्या कवितांत एवढं हाय तरी काय?"

ती म्हणाली, "भावजी, घरात कुठंबी बसा, कुणीतरी कामाला हाक मारतंय. इंग्रजीत मला अजून कुणी हाक मारली न्हाई."

अभ्यासाला वेगळा वेळ नव्हता. सकाळी धार काढताना ती वाचायची. पुस्तक गव्हाणीच्या काठावर उघडं ठेवून त्याला कपड्यांचे चिमटे लावायची, आणि दोन्ही हात चांदीच्या सडांवर. चांदी म्हणजे आमची जर्सी गाय. वाचायची मोठ्यानं, कारण मोठ्यानं वाचलं की ध्यानात राहतं म्हणायची. आई कट्ट्यावर मिसरी लावत ऐकायची. आईला इंग्रजीच काय, मराठीही वाचता येत नाही. पण आवाजावरून ती विचारायची, "आज भांडण हाय वाटतं?" सुलक्षणा म्हणायची, "व्हय आत्या, नवराबायकूचं." कधी आई म्हणायची, "आज कोण मेलं गं?" आणि बहुतेक वेळा कुणीतरी मेलेलं असायचं.

मी बाजूला कडबा कापत असायचो. मला काही कळायचं नाही. कळावं असं वाटलंही नाही. पाणी चालू असलं की माणूस पाण्याकडं बघत बसत नाही, आवाज येतो तेवढं पुरतं, तसं ते होतं.

दहाव्याला नदीवर पुष्कळ माणूस आलं होतं. आमच्याकडं दहाव्याला प्रवचन असतं आणि प्रवचनानंतर श्रद्धांजलीची भाषणं असतात. तालुक्याच्या एका पदाधिकाऱ्यानं माईक घेतला आणि म्हणाला, "सुलोचनाताई ह्या उच्चविद्याविभूषित होत्या." माणसं मान खाली घालून बसली होती. कुणी त्याला थांबवलं नाही. मी डोकं भादरून उघडा, ओल्या धोतरावर घाटाच्या दगडावर उभा होतो. तळपाय भाजत होते. मला वाटत होतं, निदान नाव तरी नीट घ्या. तो आणखी दोनदा सुलोचनाताई म्हणाला.

मग पिंड ठेवले. शेजारी पानावर तिला आवडायचं ते ठेवलं होतं, कांदाभजी, दहीभात, डाळिंबाचे दाणे. सगळी माणसं मागं सरकली. पलीकडच्या बाभळीवर कावळे होते. एकही हलत नव्हता.

भावकीतले थोरले दगडोबा आप्पा म्हणाले, "जीव अडकलाय तिचा. बोला कुणीतरी."

सूरज पुढं झाला. तो रांजणगावला कंपनीत आहे, तिथंच खोली करून राहतो. तो म्हणाला, "मम्मी, मी आजीला बघीन. पप्पांनाबी बघीन." कावळे बसून राहिले.

तिचा भाऊ रखमाजी म्हणाला, "आक्का, तुझ्या माघारी येणंजाणं तुटायचं न्हाई."

काही नाही.

आईला दोघी बायांनी धरून पुढं आणलं. तिनं हात जोडले. "पोरी, माझं बोलण्याचालण्यात काय चुकलं आसंल तर पोटात घाल." एवढं म्हणून ती खालीच बसली. तिला उठवायला लागलं. कावळा आला नाही.

ऊन वर आलं होतं. लहान पोरं पाणी मागायला लागली. मागं दुसऱ्या एका घरचा दहावा होता, ती माणसं येऊन थांबली होती आणि गुरुजी घड्याळ बघत होते. ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करू. चालतं शास्त्रात."

"थांबा जरा," रखमाजी म्हणाला. "दाजी, तुमी बोलला न्हाई आजून. तिचं काय ऱ्हायलंय ते तुमास्नीच ठावं."

मला ठाऊक नव्हतं. मी खरंच आठवून बघितलं. तिनं सोनं मागितलं नव्हतं, घराला मजला मागितला नव्हता, देवाला जायचं राहिलंय असंही कधी म्हणाली नव्हती. मला फक्त ती चौफुल्यावर एसटीत चढताना दिसली. खिडकीतून म्हणाली होती, "आता एकच पेपर राहिलाय बघा. मग रविवारी बी घरीच." मी ते मोठ्यानं बोललो.

"तुझा एक पेपर ऱ्हायलाय. मी पुरा करीन."

कावळा आला. एकटाच आला, भजं उचललं, पिंडाला चोच लावली आणि गेला. माणसांत एकदम आवाज झाला. बायका रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. मला वाटलं, आता हे काय बोललो आपण.

वाटेनं हौसराव कानाशी लागला. "मल्हारी, आरं तू सातवीतनं शाळा सोडलेला गडी. इंग्रजीचा पेपर कसला पुरा करतूस? पोराचं लगीन करीन म्हनायचं न्हाई का?"

दगडोबा आप्पांनी ऐकलं. ते म्हणाले, "बोलला ते बोलला. घाटावरचा शब्द हाय. आता मागं घेता येत न्हाई."

तेरावा झाला आणि पैपाहुणे गेले. राहिलेला कांदा सुतकात भावकीनंच चाळीत भरला होता. घाईत ओला, सुका, चेंबलेला सगळा एकत्र गेला होता. जेठ संपायच्या आत चाळीला वास सुटला. मी आणि आई रोज चाळीत बसून सडका निवडून काढायचो. सडक्या कांद्याचं पाणी हातावर चढतं, कातडी सोलते. आई म्हणायची, "तिनं भरला आसता तर आसं झालं नसतं." मी म्हणायचो, व्हय. मग आम्ही पुढचा ढीग ओढायचो.

गाईचं वेगळंच झालं. चांदी पान्हा सोडेना. मी बसलो की अंग आखडून घ्यायची. वासरू लावलं, सरकी वाढवली, सड कोमट पाण्यानं धुतले. निम्मं दूध द्यायची आणि पाय झाडायची. एकदा बादली उलटली आणि दूध माझ्या पायावरून मोरीत गेलं. मी अभंग म्हणून बघितला. चांदीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

आई कट्ट्यावरून म्हणाली, "तिला सवय हाय वाचायची. तुझं भजन काय करायचंय तिला?"

दुधाची डेअरी हौसरावकडंच आहे. सकाळी तिथं सगळं गाव येतं. मी किटली घेऊन गेलो की पोरं म्हणायची, "बाजूला व्हा, एम. ए. आलं." कुणी म्हणायचं, "मल्हारीतात्या, कावळ्याला इंग्रजीत काय म्हंत्यात?" मी हसायचो. हसलं की माणसं लवकर सोडतात. हौसराव काट्यावरून खाली बघत म्हणायचा, "निम्मंच का रं आज बी?"

आषाढात एका रविवारी मी शिरूरला गेलो. एकट्यानं त्या रस्त्यानं जायची ती पहिलीच वेळ. चौफुल्यावर सवयीनं गाडी थांबवली. मागं कुणी उतरायचं नव्हतं. परत गिअर टाकला.

वर्ग सुटेपर्यंत चिंचेखाली बसलो. मग वर गेलो. व्हरांडा धुतलेला होता. ती कुठं पडली असेल ते मला कळेना, म्हणून मी भिंतीकडेनं चाललो.

अनुपमा मॅडम वयानं सुलक्षणापेक्षा लहान होत्या. त्यांनी मला ओळखलं आणि बाकावर बसवलं. मी घाटावरचं सगळं सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत.

"बाकीचे सगळे पेपर त्यांचे सुटलेत," त्या म्हणाल्या. "लेखनाचा तेवढा राहिला. पण काका, एकाचा पेपर दुसऱ्यानं द्यायचा नसतो. तुम्ही काहीही लिहून आणलंत तरी विद्यापीठ ते घेणार नाही. डिग्री मिळणार नाही."

"डिग्री नकोय मॅडम. ती कुठं लावायची आता? मी पेपर पुरा करतो म्हणालोय."

"कुणाला?"

"तिला. आन् कावळ्याला. सगळं गाव उभं होतं."

त्या माझ्या शेजारी बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "या पेपराला प्रश्न नसतात. स्वतःचं लिहून द्यायचं असतं. मी वर्गाला सांगितलं होतं, आपल्या घरातला एक दिवस लिहा. उठल्यापासून झोपेपर्यंत. मधलं काही गाळू नका आणि शोभेचं काही घालू नका."

"तिनं लिहिलं होतं का काही?"

"एक पान. वाचून दाखवलं होतं. सासूबाई सकाळी चहा मागतात, एवढंच होतं. पण इंग्रजीत चहा मागितल्यावर त्या कुणीतरी बंगल्यातल्या बाईच झाल्या. अख्खा वर्ग हसला. सगळ्यांत जास्त त्याच हसल्या. मला म्हणाल्या, मॅडम, आमच्या घरात इंग्रजी बोलणारं कुणी नाही, मग यांना बोलायला कसं लावू? आणि पान फाडून टाकलं."

"मग?"

"मग म्हणाल्या, पुढच्या रविवारी दुसरं आणते. सासूबाईंना बोलायलाच लावत नाही, नुसतं काम करताना दाखवते. तो पुढचा रविवार म्हणजे..."

"आणलं होतं का दुसरं?"

"नाही. त्या दिवशी म्हणाल्या, कांदा काढायचा होता, जमलं नाही."

मी उठलो. जिन्यापर्यंत त्या माझ्याबरोबर आल्या. म्हणाल्या, "काका, तुम्ही मराठीत लिहा. तो दिवस. इंग्रजीचं नंतर बघू."

"मला शोभेचं येत न्हाई."

"मग बरंच आहे," त्या म्हणाल्या.

कुठला दिवस लिहायचा याचा मला विचार करावा लागला नाही. मला एकच दिवस सगळा आठवत होता.

पावसाळाभर लिहीत होतो. सूरजची एक उरलेली वही होती. धार काढून झाली की गोठ्यातच खाटेवर बसायचो. पेन धरायची सवय नव्हती. खुरपं धरल्यासारखं धरायचो आणि बोटं आवळून यायची. एक ओळ लिहिली की पुढची कुठं जावी ते कळायचं नाही. ती उठली. चूल पेटवली, का आधी अंगण झाडलं? एवढी वर्षं रोज बघितलं आणि ते मला ठाऊक नव्हतं. मी आईला विचारलं.

"आधी म्हशीगत आळस द्यायची," आई म्हणाली. "मग माझ्या अंगावरचं पांघरूण नीट करायची. तिला वाटायचं, मी झोपलीया."

"तू जागी आसायचीस?"

"मी कवाची जागी."

ते मी लिहिलं. मग तिनं टाचा घासल्या ते लिहिलं. डबा भरला, चांदीची धार काढली, त्या दिवशी पुस्तकात कुणी मेलं नव्हतं असं आई म्हणाली, तेही लिहिलं. चौफुला आला. पुढची दुपार मला माहीत नव्हती, ती मी परत शिरूरला जाऊन मॅडमना विचारली. मेथी तिनं शेजारच्या बाकावरच्या पोलिसाला दिली होती. तो वर्गात तिच्याबरोबर शिकतो. तो म्हणाला, "ताई म्हणाल्या, घ्या, आमच्या बांधावरची हाय." असं धरून धरून दिवस संध्याकाळपर्यंत आला. घरी लोक जमले होते आणि रानात कांदा तसाच पडला होता, तिथं मी थांबलो. शेवटी काही घातलं नाही.

दिवाळीला सूरज सुट्टीवर आला. त्यानं वही वाचली. वाचताना त्यानं माझ्याकडं पाठ केली. मग म्हणाला, "पप्पा, एवढंच ना? हे आता मोबाईल करून देतो की इंग्रजीत. आमच्या सुपरवायझरचे सगळे मेल तोच लिहितो."

"मोबाईल?"

"व्हय. फोटो काढायचा पानाचा."

त्यानं पानांचे फोटो काढले. चहा निवायच्या आत म्हणाला, "झालं." मी बघितलं. सगळी पानं इंग्रजीत झाली होती, ओळीनं, स्वच्छ. एवढ्यात झालं? पावसाळाभर बोटं आवळत बसलो, गावाची बोलणी खाल्ली, आणि चहा निवायच्या आत पेपर पुरा.

"वाचून दाखवतो तो," सूरज म्हणाला. त्यानं मोबाईल कट्ट्यावर ठेवला. बाईचा आवाज आला. गोड होता, कुठं अडखळत नव्हता. दम लागत नव्हता. आई मिसरी लावायची थांबली. ऐकत राहिली. बरंच झाल्यावर म्हणाली, "ही कोन बाई?"

"आजी, ही मम्मीची गोष्ट हाय. आता बोलतेय ती तू हायेस. तू चहा मागतीयास."

"मी?" आई म्हणाली. "मी आशी बोलती व्हय रं? जन्मात भाकर न खाल्लेली बाई वाटती ही. आन् ही काय भांडत न्हाई, काय मरत न्हाई, सगळं एकाच सुरात. बंद कर."

सूरज हसला. मीही हसलो. तिघंही हसलो. मला मॅडमनी सांगितलेला शिरूरचा वर्ग आठवला, सगळे हसत असताना ती सगळ्यांत जास्त हसत होती तो.

"राहू दे," मी म्हणालो. "ते पूस."

"पप्पा, आता झालंय ना पुरं? तुमचा शब्द पुरा झाला. कुणाला काय कळतंय?"

"पूस म्हणलं ना."

त्याला राग आला. तो उभा राहिला. "मग कोण करणार हे? तुम्ही? तुम्हाला ए बी सी डी तरी सगळी येती का? कवा व्हायचं ते?"

"व्हईल तवा व्हईल."

"मला नुसतं वाटलं..." तो म्हणाला. "मला वाटलं, एकदाचं झालं म्हंजी सुटलं. मशीनवर उभा ऱ्हायलो तरी डोळ्याम्होरनं तो घाट जात न्हाई. मी बोललो तवा कावळा हाललाबी न्हाई, पप्पा. मी पोरगा हाय तिचा."

हे मला ठाऊक नव्हतं. मी त्याच्याजवळ गेलो, पण त्याला कसं धरावं ते कळेना. तो माझ्यापेक्षा उंच झाला आहे. मी त्याच्या दंडाला हात लावला. कांद्यानं सोललेली कातडी त्याच्या शर्टाला खरखरली. आई म्हणाली, "आरं त्या कावळ्याला भजी दिसली न्हवती तवर. त्याचं काय मनाला लावून घेतुस?" मग त्यानं नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी त्याची सेकंड शिफ्ट होती. गाडीला किक मारताना म्हणाला, "माझी पाचवीपासूनची इंग्रजीची पुस्तकं माळ्यावर हायत. मम्मीनं फेकू दिली न्हवती." मी ती काढली. उंदरांनी कडा खाल्ल्या होत्या. आतलं सगळं शाबूत होतं.

आता मी पाचवीचं पुस्तक गव्हाणीच्या काठावर ठेवतो. चिमटे तिचेच आहेत. धार काढताना एकेक अक्षर लावत वाचतो. चांदी पहिल्यासारखं दूध देत नाही. पाय झाडायची मात्र थांबली आहे. डेअरीतली पोरं आता काही म्हणत नाहीत. त्यांना दुसरं कुणी मिळालं असेल.

काही रविवारी शिरूरला जातो. मॅडम मला शेवटच्या बाकावर बसू देतात. हजेरीत माझं नाव नाही. वर्गात काय चाललंय ते बहुतेक कळत नाही. सुट्टीत तो पोलीस आणि बाकीचे डबे सोडतात आणि मला बोलावतात. मी जातो कधी कधी. अर्धी भाकरी मी परत येताना चौफुल्याच्या अलीकडं गाडी बाजूला लावून खातो. घरी येतो तेव्हा आई विचारते, "काय शिकला?" मी सांगतो ते तिला कळत नाही, आणि मलाही फार कळलेलं नसतं. मग आम्ही जेवतो. तिसरं ताट अजून फळीवरच असतं. कधी घाईत माझा हात त्याच्यावर जातो.

कांद्याची नवी लागण थंडीत झाली. या वेळी रोपं मजुरीच्या बायांनी लावली. वाफ्यात ओळी जरा वाकड्या गेल्यात. तिचं वर्षश्राद्ध आता जवळ आलं आहे. परवा दगडोबा आप्पांनी बांधावर विचारलं, "मल्हारी, शब्दाचं कुठवर आलं?" मी म्हणालो, "चाललंय आप्पा." ते म्हणाले, "चालू दे. वर्षाचीच अट घातली न्हवतीस तू."

मराठीतलं वहीत लिहून झालंच आहे. इंग्रजीची पहिली ओळ मी लावली आणि मॅडमना दाखवली. त्यांनी ती दोनदा दुरुस्त करायला लावली, मग म्हणाल्या, आता बरोबर आहे. आज सकाळी धारेला बसल्यावर मी ती मोठ्यानं वाचली. माझं वाचणं अडखळत होतं.

आई कट्ट्यावरून म्हणाली, "आज काय हाय? भांडण का मयत?"

"काय न्हाई," मी म्हणालो. "आज नुसती उठलीया."

"पांघरूण?"

"ते पुढच्या ओळीत."

आई मिसरी लावत बसली. एवढंच झालं आहे. पहिल्या ओळीत सुलक्षणा उठली आहे. आईचं पांघरूण तिनं अजून नीट करायचं आहे, चूल पेटवायची आहे, आणि तिला गोठ्यापर्यंत आणायचं राहिलं आहे.